एक्सएमएल उघडते, पण क्लिप सापडत नाहीत तेव्हा
लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जन मिरवणुकीचे संकलन प्रीमियर प्रो या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना प्रोजेक्टची मूळ फाइल तिथे उघडत नाही. टाइमलाइन (क्लिपची क्रमवार मांडणी) 'फायनल कट प्रो एक्सएमएल' या मजकुराच्या फाइलच्या रूपात एक्स्पोर्ट करावी लागते. या एक्सएमएलमध्ये चित्रफिती नसतात, केवळ त्यांचे पत्ते असतात. त्यामुळे कोथरूडच्या घरी 'ई' हे ड्राइव्हचे अक्षर असलेली हार्ड डिस्क सदाशिव पेठेतल्या संगणकावर 'एफ' झाली, की सगळ्या क्लिप ऑफलाइन (म्हणजे न सापडलेल्या) दिसतात. अशा वेळी पुन्हा एक्स्पोर्ट करत बसण्यापेक्षा क्लिप निवडून 'रीलिंक'ने नवे फोल्डर दाखवावे. नेस्ट केलेले सिक्वेन्स (एका टाइमलाइनच्या आत ठेवलेल्या दुसऱ्या टाइमलाइन), शीर्षके आणि बरेचसे इफेक्ट मात्र जसेच्या तसे पोहोचतीलच असे नाही. म्हणून टाइमलाइनची प्रत काढून ती आधी सोपी करावी, आणि ताडून पाहण्यासाठी (कंटाळा येतो खरा) संपूर्ण संकलनाची एक एमपी४ फाइलही सोबत न्यावी.