जुनी होडी घेताय? रंगाचा डबा आधी खाली ठेवा आणि या चुका टाळा

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र जरा निवळला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे पुण्याचा, कोल्हापूरचा नाहीतर मुंबईचा कोणी हौशी गरवणारा असतो. १६-१७ फुटी फायबरची जुनी होडी त्याने ‘एकदम स्वस्तात’ घेतलेली असते, सोबत ८ किंवा ९.९ हॉर्सपॉवरचं सेकंडहँड आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं इंजिन. गणपतीच्या सुट्टीत खाडीत तांबोशीला गळ टाकायचाच असा निश्चय असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: ‘रंग कुठला मारू?’

रंग सगळ्यात शेवटी. होडी विकणाऱ्यानेही रंगच मारलेला असतो, आणि बहुतेकदा काहीतरी झाकायलाच. चकचकीत दिसणाऱ्या जुन्या होडीपेक्षा कळकट, ओरखडे दिसणारी होडी मी केव्हाही पसंत करतो. तिच्यात काय बिघडलंय ते निदान दिसतं तरी.

ट्रान्सम न तपासणे

होडीच्या मागच्या ज्या उभ्या फळीवर इंजिन टांगतात, ती ट्रान्सम. बाहेरून फायबर दिसतं, पण लहान होड्यांत बहुतेक वेळा आत प्लायवूड असतं. फायबर सडत नाही, प्लायवूड सडतं. आणि आत पाणी जायला भगदाड लागत नाही, एका स्क्रूचं भोक पुरतं.

पुण्याच्या एका मित्राने अशीच पांढरी, निळ्या पट्ट्याची देखणी होडी घेतली. घेतल्या घेतल्या मासे शोधायचं यंत्र आणलं आणि त्याचा सेन्सर ट्रान्समला बाहेरून, पाण्याच्या रेषेखाली, चार स्क्रूंनी ठोकून टाकला. भोकांत सीलंट नाही, काही नाही. ‘स्क्रू घट्ट बसलेत की’, हे त्याचं उत्तर. पुढच्या हंगामात तक्रार सुरू झाली की इंजिनाचे क्लॅम्प दर फेरीला ढिले होतात. तो दर वेळी आवळायचा आणि क्लॅम्पच्या नावाने खडे फोडायचा. क्लॅम्प ढिले होत नव्हते. त्यांच्या दाबाखाली आतलं लाकूड चेपत होतं.

एकदा कालावल खाडीच्या मुखाशी आम्ही चौघं होतो. ओहोटी लागलेली, समोरून लाटा. त्याने थ्रॉटल पिळला तसा मागे कडकन आवाज झाला आणि इंजिन मागे कलंडलं. ट्रान्समचं आतलं फायबर आडवं फाटलं होतं. मी कोणाच्याही होडीत बसताना इंजिनाला एक जाड दोरी बांधून ती आतल्या कड्यात अडकवतो. त्या दिवशीही बांधली होती, म्हणून इंजिन तळाला गेलं नाही. होडीत वल्हं एकच. ओहोटी आम्हाला बाहेर ओढत होती आणि मालक फोनला रेंज शोधत होता. शेवटी जाळी ओढून परतणाऱ्या एका होडीवाल्याने दोर टाकला. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. तेवढ्यात सगळं ऐकून झालं.

घरी आणून ट्रान्सम आतून कापला तर प्लायवूड चहाच्या चोथ्यासारखं चमच्याने बाहेर निघालं. गावातले म्हातारे सुतार बघायला आले होते. मित्र त्यांना सांगत होता की रंग तर नवा आहे. ते म्हणाले, “रे, रंग काय करतलो? आतलां लाकूड कुसलां हा.”

होडी घेण्याआधी एवढं करा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्सम सगळीकडून ठोकून बघा, खालचे कोपरे विसरू नका. टणक ‘ठक’ आला तर ठीक, ‘भद’ असा मेलेला आवाज आला तर आत ओल आहे. मग इंजिन वर उचलून लॉक करा, त्याचा पाय धरून वर-खाली दाबा आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. फळी हलली तर समजा. तरीही मन मानत नसेल तर खालचा एखादा स्क्रू काढायला सांगा. भोकातून तपकिरी पाणी पाझरलं की चहा पिऊन घरी या. विकणारा स्क्रू काढू देत नसेल तर चहासुद्धा पिऊ नका.

होडी घेऊन झालीच असेल तर दुरुस्ती होते, फक्त झटपट होत नाही. आतलं फायबर कापायचं, कुसलेलं सगळं खरवडायचं, कोरडं होऊ द्यायचं. मग आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लायवूड, १८ मिलिमीटरचे दोन थर, इपॉक्सीने चिकटवून वर पुन्हा फायबर चढवायचं. भोकांत इपॉक्सी ओतून ‘बरं करून देतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ओल्या, कुसलेल्या लाकडात इपॉक्सी धरत नाही.

पुढे कधीही ट्रान्समला भोक पाडायचं झालं तर मोठं पाडा, इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळलं की त्याच्या मधोमध स्क्रूचं भोक पाडा आणि पॉलियुरेथेनचं मरीन सीलंट लावून स्क्रू आवळा. बाथरूमचं सिलिकॉन आणू नका. ते एकदा लागलं की त्या जागी नंतर रंग धरत नाही, फायबर बसवायचं रेझिनही नाही.

भेगेत लांबी भरणे

गाड्यांच्या गॅरेजमधली लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, होडीच्या भेगेत भरायची, घासायची, वर रंग. दोन तासांत होडी नवी! ही लांबी पाणी शोषते. पहिल्या हंगामात फुगते, दुसऱ्या हंगामात पापुद्र्यासकट निघते, आणि तोवर आतलं फायबर भिजलेलं असतं. नळाच्या गळतीला लावतात ती कणकेसारखी पुट्टी तर मी होडीच्या तळाला लावलेली बघितली आहे. भर समुद्रात तात्पुरती म्हणून लावली असेल तर माझं काही म्हणणं नाही. ती तीन वर्षं तिथेच होती.

भेग दिसते त्याहून मोठी असते. ग्राइंडरने ती उघडायची, कडा उतरत्या करायच्या. फायबरची जाडी ५ मिलिमीटर असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना ६० मिलिमीटरपर्यंत उतार हवा. नवं रेझिन जुन्या फायबरला रासायनिक जोड देत नाही, ते खरखरीत पृष्ठभागाला पकडून बसतं. म्हणून जिथे घासलं नाही तिथे ते निघणारच. घासण्याआधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा, घासून झाल्यावर ॲसिटोनने पुसा आणि कडकडीत उन्हात वाळवा. मी फायबरचं काम एप्रिल-मे महिन्यातच करतो, तेही सकाळचं दव उडाल्यावर सुरू करून दुपारी तीनपर्यंत. संध्याकाळच्या खाऱ्या, दमट वाऱ्यात रेझिन चिकट राहतं. पावसाळ्यात ताडपत्रीखाली बसून ही कामं उरकणाऱ्यांची मला कीव येते.

आता दमाने घ्यायची गोष्ट. दुकानदार रेझिनबरोबर दोन लहान बाटल्या देतो: एक जांभळट कोबाल्टची, दुसरी पाण्यासारख्या हार्डनरची. या दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घालून नीट ढवळायचं, मग हार्डनर. मापाची भांडीसुद्धा वेगळी ठेवायची. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा लावा, हातमोजे घाला. ‘लवकर सुकावं’ म्हणून हार्डनर जास्त ओतणारे तर प्रत्येक वाडीत आहेत. रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के पुरतो, मे महिन्याच्या उन्हात १ टक्क्याच्या आसपासच. जास्त घातला तर मगातच धूर यायला लागतो आणि झालेलं काम ठिसूळ होतं.

इपॉक्सी वापरणार असाल तर साधी चटई, म्हणजे तुकड्या धाग्यांची मॅट, घेऊ नका, विणलेलं कापड घ्या. त्या मॅटमधला चिकटा पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. मॅट ताठ राहते आणि खाली हवेचे फुगे अडकतात.

पावसाळ्यात होडी ‘झाकून’ ठेवणे

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. कोळी आणि गाबीत बांधव त्याआधी होड्या वर ओढून, खाली लाकडं देऊन, झापांनी शाकारून ठेवतात. हौशी माणूस निळी ताडपत्री टाकतो, चार दगड ठेवतो आणि शहरात निघून जातो.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. १६ फुटी होडीचं तोंड साधारण ६ चौरस मीटर धरा. कोकणात जुलैमध्ये दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस काही नवलाचा नाही. म्हणजे एका दिवसात ६०० लिटर, सहाशे किलो, आणि हे सगळं वाळूवर वेड्यावाकड्या टेकलेल्या होडीत. ताडपत्री मध्ये झोळ धरते, फाटते आणि पाणी आत. तळ जिथे नेमका दगडावर टेकलेला असेल तिथे तडकतो.

मी होडीवर मधोमध बांबूचं आडं बांधतो, छपरासारखा दोन्हीकडे उतार देतो, पुढचं-मागचं तोंड हवेला उघडं ठेवतो. नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर, मागची बाजू खाली, तळाच्या भोकाचं बूच काढलेलं. खाली जुने टायर नाहीतर फळ्या, कण्याच्या रेषेत. ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळली तर आत घाम धरतो आणि जे लाकूड पावसाने कुसलं नसतं ते त्या घामाने कुसतं.

जुनं पेट्रोल

‘इंजिन मे महिन्यात छान चालत होतं, आता सुरूच होत नाही.’ टाकीत काय आहे? ‘मेमधलंच पेट्रोल.’ झालं!

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ओलच पीत बसते. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळे बसतात, आणि इंजिनाची नळीही नेमकी तळातूनच ओढते. मी मेअखेर टाकी रिकामी करतो, नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल मात्र स्कूटरमध्ये ओतू नका. ऑइलवरून आठवलं, मोटारसायकलचं टू-टी ऑइल आउटबोर्डला चालत नाही. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बघून घ्या. बहुतेक टू-स्ट्रोक आउटबोर्डना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पण आपल्या इंजिनाचं पुस्तक काय म्हणतं ते बघा.

इंजिन सुरू होऊन पाच-दहा मिनिटांनी मरत असेल तर मेकॅनिकला बोलावण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. मेकॅनिक येतो, स्क्रू उघडतो, पाचशे रुपये घेतो. त्याचं काही चुकत नाही.

इंजिनाच्या बाकीच्या कुरापती

जमिनीवर ‘फक्त आवाज ऐकायला’ इंजिन सुरू करू नका. पाणी खेचणारा रबरी इंपेलर कोरडा काही सेकंदांतच जळायला लागतो. पिंपात पाणी भरून त्यात पाय बुडवा आणि मग हौस फेडा. इंपेलर बदलताना जुन्याची एखादी पाकळी तुटलेली दिसली तर तो तुकडा शोधून काढल्याशिवाय इंजिन पुन्हा जोडू नका, नाहीतर तो वर जाऊन पाण्याची वाट अडवतो.

इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली की आधी तिचं तोंड तपासा, मीठ साठलेलं असतं. मी जाड तंगूसचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचा, तुकडा आत घालतो. तारेने खरवडू नका.

खाडीतून आलात की दर वेळी गोड्या पाण्यावर दहा मिनिटं इंजिन चालवा. ‘खाडीचं पाणी गोडंच असतं’ हे भरतीला जाऊन चाखून बघा.

दर काही फेऱ्यांनी पंखा काढून मागे गुंडाळलेला तंगूस सोडवा. तो सील कापतो, मग पाणी आत शिरून गिअर ऑइल दुधाळ होतं. ऑइल भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरून बाहेर येईपर्यंत.

झिंकच्या तुकड्यावर रंग मारू नका. इंजिनाच्या धातूऐवजी तो झिजावा म्हणूनच लावलेला असतो. अर्धा झिजला की बदला.

स्टीलचे स्क्रू घेताना ‘स्टेनलेस’ एवढ्यावर समाधान मानू नका, ३१६ ग्रेडचे मागा. २०२ चे स्क्रू दिवाळीपर्यंत गंजतात.

घरातली वायर आणि काळी चिकटपट्टी होडीत वापरणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि बूच. पाण्यात होडी ढकलून झाल्यावर बूच आठवणारे दर हंगामात भेटतात. माझं बूच इंजिनाच्या किल-स्विचच्या, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद पाडणाऱ्या, दोरीलाच बांधलेलं असतं. दोरी मनगटाला लावल्याशिवाय मी इंजिन सुरू करत नाही आणि बूच भोकात बसवल्याशिवाय दोरी सुटी होत नाही. त्या दोरीचंही सांगतो. ती खिशात ठेवून ‘आम्हाला पोहता येतं’ म्हणणाऱ्यांना माझ्या होडीत जागा नाही. तुम्ही पाण्यात पडल्यावर होडी थांबत नाही, गोल फिरून पंख्यासकट तुमच्यावर येते.