महाविद्यालयीन समुपदेशकांसाठी परिषदा आणि समव्यावसायिकांचा गट : नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

महाविद्यालयात समुपदेशक म्हणून रुजू झाल्यावर सर्वांत आधी जाणवते ते एकटेपण. इतिहासाच्या प्राध्यापकांना अडचण आली तर विभागात विचारायला दोघे-तिघे असतात. आपले काम जाणणारे सगळ्या आवारात आपण एकटेच असतो. माझा कक्ष परीक्षा विभागाला लागून होता, त्यामुळे आत एखादी मुलगी रडत असतानाच ‘मॅडम, हॉल तिकीट इथेच मिळतं का?’ असे विचारत कोणीतरी दार उघडत असे. लोखंडी कपाट दाराच्या आड तिरके लावले की दार उघडले तरी आत बसलेली व्यक्ती दिसत नाही, ही साधी युक्ती मला पदव्युत्तर अभ्यासक्रमात नव्हे, तर एका परिषदेत चहाच्या रांगेत उभ्या असलेल्या ज्येष्ठ समुपदेशक बाईंकडून कळली. परिषदेला का जावे, असे मला कोणी विचारले की मी हे कपाट सांगते.

कोणत्या परिषदेला जावे, हा मात्र नीट पारखून घेण्याचा विषय आहे. इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स ही 1968 पासूनची संघटना दरवर्षी राष्ट्रीय परिषद घेते. तेथील बरेचसे निबंध चाचण्या आणि रुग्णालयातील रुग्ण यांभोवती फिरत असल्याने महाविद्यालयीन समुपदेशकाच्या हाती थोडेच लागते, पण परिषदेला जोडून होणाऱ्या कार्यशाळा चुकवू नयेत. मराठी मानसशास्त्र परिषदेच्या अधिवेशनांचा लाभ वेगळा आहे. आपल्यासमोरचा विद्यार्थी ‘एन्झायटी’ म्हणत नाही, ‘पोटात गोळा येतो’ म्हणतो, आणि त्याच भाषेत विचार करणारी माणसे तेथे भेटतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘आयकॉल’ हा दूरध्वनीवरून समुपदेशन करणारा उपक्रम किंवा आत्महत्या प्रतिबंध आणि मानसिक आरोग्याचा कायदा यांवर काम करणारे पुण्याच्या आयएलएसचे (इंडियन लॉ सोसायटीचे) केंद्र, यांच्या एखाद्या छोट्या प्रशिक्षणातून दोन दिवसांच्या भव्य परिषदेपेक्षा जास्त शिकायला मिळते, असे माझे स्पष्ट मत आहे. शुल्क भरताच प्रमाणपत्र आणि निबंध छापण्याची हमी देणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदांपासून दूर राहावे. तेथे पिशवी आणि पेन चांगले मिळते, एवढेच.

पहिल्याच वर्षी निबंध वाचण्याची किंवा पोस्टर (निबंधाऐवजी लावायचा फलक) मांडण्याची घाई करू नये. मी ती केली. एका विद्यार्थिनीची परवानगी घेऊन, नाव बदलून मी पोस्टर तयार केले. पण त्यात तिचा अभ्यासक्रम, वसतिगृह आणि वडिलांचा व्यवसाय तसाच राहिला. पोस्टरपुढे थांबलेल्या एका प्राध्यापिका सहज म्हणाल्या, ‘ही आमच्या शेजारच्या गावची तर नाही ना?’ मी पोस्टर उतरवले. लहान गावात नावापेक्षा बाकीच्या तपशिलांवरूनच माणूस आधी ओळखला जातो.

परिषदेतून परत आणण्याची खरी गोष्ट म्हणजे तीन-चार फोन क्रमांक. आमचा सहा जणांचा गट अशाच क्रमांकांतून उभा राहिला. महिन्यातील पहिल्या शनिवारी सायंकाळी आम्ही ऑनलाइन भेटतो. एकाने एकच केस वीस मिनिटांत मांडायची, विद्यार्थ्याचे नाव, महाविद्यालय, शाखा यांपैकी काहीही सांगायचे नाही, आणि सल्ला देण्यापूर्वी इतरांनी ‘ऐकताना तुला स्वतःला काय झालं?’ हे विचारायचे, असा नियम आहे. व्हॉट्सॲपवर केसविषयी एक ओळही लिहायची नाही, हा नियम दोन वेळा मोडल्यानंतर कडक झाला. व्यवस्थापनाने माझ्याकडे भेटींच्या नोंदवहीतील नावे मागितली, तेव्हा काय उत्तर द्यावे हेही याच गटाने सुचवले: मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 मधील गोपनीयतेच्या हक्काचा दाखला द्यावा आणि नावांऐवजी सांकेतिक क्रमांक व भेटींची एकूण संख्या द्यावी. तसे पत्र मी दिले आणि विषय तेथेच थांबला.

परदेशातील संघटनांचाही असा व्यावहारिक उपयोग होतो. अमेरिकेत समुपदेशन केंद्रांच्या संचालकांची संघटना केंद्रांचे वार्षिक सर्वेक्षण करते, आणि समुपदेशन सेवांना मान्यता देणारी तेथील संस्था 1,000 ते 1,500 विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा असे सुचवते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असा निर्देश दिला. आमच्या महाविद्यालयात समुपदेशकाचे आणखी एक पद मिळावे म्हणून अर्ज करताना हे दोन्ही आकडे मी शेजारी शेजारी लिहिले होते.

ड्यूटी लीव्हचा अर्ज मात्र महिनाभर आधी, कार्यक्रमपत्रिका जोडून द्यावा. जाण्यापूर्वीच्या आठवड्यात ज्या विद्यार्थ्यांविषयी काळजी वाटते त्यांना स्वतः भेटून आपण कोणत्या दिवशी परत येणार ते सांगावे, आणि दारावर ‘मॅडम बाहेरगावी आहेत’ एवढीच चिठ्ठी न लावता तिच्याखाली ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा.