एमबीआरची डिस्क जीपीटी करताय? या चुका टाळा

"दादा, डिस्क बदलायला गेलो नि पाच वर्षांचा पेट्यांचा हिशोब गेला." राजापूरकडच्या एका आंबा बागायतदाराचा हा फोन. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला यूईएफआय लागतं, आणि यूईएफआयमधून (पीसी सुरू करणारी नवी व्यवस्था) विंडोज सुरू व्हायला डिस्क जीपीटी हवी. एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, नोंदवून ठेवायची जुनी आणि नवी पद्धत. म्हणून त्यांनी कुठलासा व्हिडिओ बघून, इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क हाताळायच्या साधनात 'क्लीन' मारलं. क्लीन म्हणजे पार्टिशनचा तक्ताच पुसणं. नशीब, घाबरून त्यांनी त्यावर पुढे काहीच केलं नाही, म्हणून बराचसा डेटा परत काढता आला. 'क्लीन ऑल' मारलं असतं तर सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली गेली असती आणि मग मीही हात टेकले असते.

या कामासाठी क्लीन लागतच नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून 'एमबीआर२जीपीटी' नावाचं साधन आतच असतं. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी त्याला 'व्हॅलिडेट' (डिस्क बदलता येईल का ते तपास) सांगायचं, पास झालं तरच 'कन्व्हर्ट' (बदल). चालू विंडोजमधून करताना कमांडला 'अलाऊ फुल ओएस' हा जादा पर्याय जोडा. डिस्कचा नंबर डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघून घ्या, अंदाजाने शून्य टाकू नका. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी थांबवा.

खरी अडचण व्हॅलिडेट नापास झाल्यावर सुरू होते, आणि आपल्याकडे ते हमखास होतं. कारण जुनी सवय: दुकानदाराने सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडून दिलेले. एमबीआरमध्ये चारच प्रायमरी पार्टिशन बसतात, म्हणून बाकीचे एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात लॉजिकल म्हणून जातात. हे साधन एक्स्टेंडेड पार्टिशन चालवून घेत नाही, आणि प्रायमरीही तीनपेक्षा जास्त नकोत. लोक इथेच चिडून 'क्लीन'कडे वळतात. त्यापेक्षा डी-ई-एफमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, दोन-चार फायली उघडून बघा, मग ते ड्राइव्ह आणि रिकामं झालेलं एक्स्टेंडेड पार्टिशन उडवा, सी आणि सिस्टिम रिझर्व्हड (विंडोज सुरू करणारं छोटं पार्टिशन) यांना हात लावू नका. काम झाल्यावर नवे ड्राइव्ह पाडून जुनीच अक्षरं द्या, नाहीतर हिशोबाचं सॉफ्टवेअर आपला डेटा शोधत बसेल.

आणि लाईटचं काय? जूनमध्ये, वारा सुटलेला असताना, हे काम काढूच नका. रूपांतर काही मिनिटांचं, पण वीज त्याच मिनिटांत जाते. इन्व्हर्टरवर भरवसा असेल तर तो यूपीएस मोडवर आहे ना, ते बघा, नाहीतर लाईटवरून बॅटरीवर जाताना पीसी झटकन रीस्टार्ट होतो. लॅपटॉपला ही चिंता कमी.

सुरुवातीलाच बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) यूईएफआयचा पर्याय आहे की नाही तेही बघा. फार जुन्या मदरबोर्डवर तो नसतो, आणि मग जीपीटी केलेली डिस्क तिथे विंडोज उघडतच नाही. हे साधन उलटा प्रवास, म्हणजे जीपीटीची पुन्हा एमबीआर, करत नाही.

रूपांतरानंतर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं दिसलं तर डेटा गेला असं समजू नका. बायोस अजून लेगसीवरच, म्हणजे जुन्या पद्धतीवरच आहे, ते यूईएफआय करा. मालवणच्या एका होमस्टेवर त्यानंतरही स्क्रीन काळीच राहिली. दोष जुन्या ग्राफिक्स कार्डाचा निघाला, ते काढून केबल मदरबोर्डला लावली आणि बुकिंगची यादी जशीच्या तशी समोर आली.