हौदातली बेडकाची पिल्लं बुडू नयेत म्हणून गोणपाट

आमच्याकडं खानापूर बाजूला पाऊस लागला की परड्यातल्या सिमेंटच्या हौदात बेडूक अंडी घालतातच, टॅडपोल वाढतात पण छान, पण पाय फुटून शेपूट आटायला लागली की त्यांना श्वासासाठी पाण्याबाहेर यावं लागतं आणि गुळगुळीत उभ्या भिंतीवर चढता येत नाही, मग बुडून मरतात. दोन पावसाळे सकाळी हे बघून जीव तुटायचा.

१. जुनं तागाचं गोणपाट घ्या, प्लास्टिकचं पोतं नको, त्यावर पाय घसरतात. खताचं किंवा औषधाचं असेल तर धुऊन पण वापरू नका.
२. एक टोक काठावर जड दगडाखाली दाबा, दुसरं तळापर्यंत सोडा, म्हणजे पाणी कमीजास्त झालं तरी चालतं.
३. काठाबाहेर पण थोडं लोंबतं ठेवा, खाली अळू असेल तर उत्तमच, पिल्लांना लगेच ओल आणि सावली मिळते.

एक मात्र सांभाळा, हौदात नळाचं पाणी थेट सोडू नका, क्लोरीननं टॅडपोल मरतात. बादलीत एक दिवस उघडं ठेवून मग थोडं थोडं घाला, पावसाचं असेल तर प्रश्नच नाही.