डेटा हळू जातोय? बँडविड्थ वाढवण्याआधी या चुका टाळा

लिंक १ जीबीपीएसची, पण दूरच्या सर्व्हरवरून फाइल उतरवताना वेग ५ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) वर सरकत नाही. अशा वेळी लगेच मोठा प्लॅन घेणं ही सगळ्यात महागडी चूक. आधी पिंग करून राउंड ट्रिप टाइम, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, बघा.

टीसीपी (डेटा खात्रीने पोचवणारा प्रोटोकॉल) एका दमात विंडोएवढाच, म्हणजे ठरलेल्या मर्यादेएवढाच डेटा पाठवतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. पॅकेटच्या सुरुवातीला जोडलेल्या माहितीत, म्हणजे मूळ हेडरमध्ये, विंडोसाठी १६ बिट आहेत, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. राउंड ट्रिप १०० मिलिसेकंदांची असेल तर सेकंदाला अशा १० खेपा होतात. हिशोब केला तर जेमतेम ५.२ एमबीपीएस! लिंक भरायची तर १२.५ मेगाबाइट डेटा सतत वाटेत असायला हवा.

त्यासाठी विंडो या मर्यादेपलीकडे वाढवणारं विंडो स्केलिंग आहे, १९९२ पासून. आजच्या सिस्टिमवर ते चालूच असतं, पण वाटेतली एखादी जुनी फायरवॉल तो पर्याय काढून टाकते. वायरशार्कमध्ये (पॅकेट पकडून दाखवणारं साधन) सिन आणि सिन-अ‍ॅक ही कनेक्शन जोडतानाची दोन्ही पॅकेट उघडून बघा; त्यांपैकी एकात जरी विंडो स्केल नसेल तरी दोन्हीकडे ते बंद. प्रोग्राममध्ये रिसीव्ह बफरचा (आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा) आकार हाताने ठरवणं हीसुद्धा तशीच चूक. लिनक्समध्ये तसं केलं की त्या सॉकेटचा (कनेक्शनच्या टोकाचा) बफर गरजेप्रमाणे आपोआप वाढत नाही. ती ओळ काढून टाका आणि कमाल मर्यादा सिस्टिमच्या सेटिंगमध्ये वाढवा.

दुसरी चूक ‘सुरक्षेसाठी’ सगळं आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कमधल्या चुकांचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) बंद करण्याची. मग लॉगिन होतं, छोट्या कमांड चालतात, पण मोठी फाइल सुरू केली की कनेक्शन गोठतं. कारण ‘पॅकेट मोठं आहे’ हा राउटरचा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. आयपीव्ही४ वर पिंगला ‘डोन्ट फ्रॅगमेंट’ (पॅकेटचे तुकडे करू नका) लावून १४७२ बाइट पाठवा. हेडरचे २८ धरून १५०० होतात. उत्तर नाही आलं तर आकडा उतरवत जा. १४६४ ला आलं तर एमटीयू (वाटेत मावणारं सगळ्यात मोठं पॅकेट) १४९२ आहे, पीपीपीओई (काही ब्रॉडबँड जोडण्यांत वापरली जाणारी पद्धत) लिंकवर हेच दिसतं. फायरवॉलवर आयसीएमपी टाइप ३, कोड ४ सोडा. ती दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर आपल्या राउटरवर एमएसएस (एका पॅकेटमधल्या टीसीपी डेटाची कमाल) १४५२ ला बांधा.

लहान लहान संदेशांना दर वेळी ४० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतोय? नेगल अल्गोरिदम (छोटे तुकडे साठवून एकत्र पाठवणारा) आणि उशिरा येणारी पोच एकमेकांची वाट बघतायत. संदेश एकाच राइटमध्ये (एकाच लेखन-कॉलमध्ये) पाठवा, नाहीतर नेगल बंद करणारा टीसीपी नोडिले हा पर्याय लावा.

स्विचच्या पोर्टवर एका बाजूला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) पक्कं आणि दुसऱ्या बाजूला ऑटो, असंही ठेवू नका. ऑटोवालं पोर्ट हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच) जातं आणि लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरा) मोजू लागतं.