नामांतर लढ्यातील स्थानिक कार्यकर्त्यांचा सत्कार कसा करावा

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केला, आणि त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात मराठवाड्यातील अनेक दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार, म्हणजे ‘मराठवाडा’ कायम ठेवून आंबेडकरांचे नाव जोडणे, झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात गावोगावी मोर्चे काढणारे आणि तुरुंगवास सोसणारे कार्यकर्ते आता वयोवृद्ध झाले आहेत, त्यामुळे त्यांचा सत्कार ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून लांबणीवर टाकू नये. तारीख मात्र १४ जानेवारीची नको; त्या दिवशी कार्यकर्ते विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी अभिवादनाला जातात. पुढचा रविवार सोयीचा.

दोन महिने आधी छोटी निवड समिती नेमावी. दलित पँथर, रिपब्लिकन पक्षाचे गट, समाजवादी अशा सर्व प्रवाहांतील माणसे विचारात घ्यावीत. पुढाऱ्यांकडून यादी मागवली की फलकांवरचीच नावे पुन्हा येतात. त्याऐवजी वस्तीत जाऊन मोर्चेकऱ्यांसाठी भाकरी कोणी भाजल्या, जामीन कोण राहिले, घर जळालेल्यांना आसरा कोणी दिला, हे विचारावे. यादीत स्त्रियांची नावे येतात ती अशाच प्रश्नांतून. मिळालेली माहिती जुन्या वर्तमानपत्रांशी आणि कारागृहाच्या दाखल्यांशी ताडून पाहावी व संबंधितांची संमती घ्यावी.

सर्वांत जास्त वेळ मानपत्राला द्यावा. ‘झुंजार नेतृत्व’, ‘थोर समाजसेवक’ ही विशेषणे कोणालाही चिकटवता येतात. ‘१९७९ च्या नामांतराच्या लाँग मार्चला निघताना यांनी गिरणीतील नोकरीवर पाणी सोडले’ असे एकच खरे वाक्य त्यांहून वजनदार ठरते. छापण्यापूर्वी मजकूर सत्कारमूर्तींना वाचून दाखवावा, कारण आडनावाची चूक चौकटीत कायमची राहते.

शाल-श्रीफळ गृहीत धरू नये. अनेक आंबेडकरी कार्यकर्ते नारळ स्वीकारत नाहीत. संविधानाची उद्देशिका, एखादे पुस्तक आणि ऐपतीप्रमाणे मानधनाचे पाकीट द्यावे. दीपप्रज्वलनाऐवजी उद्देशिकेचे सामूहिक वाचन ठेवता येते.

व्यासपीठावर मधल्या खुर्च्या सत्कारमूर्तींच्या असाव्यात, आणि पायऱ्या उंच असतील तर सत्कार खालीच, त्यांच्या जागेवर जाऊन करावा. पाहुणे दोनच पुरेत. सत्कारमूर्तींची मनोगते पाहुण्यांच्या भाषणांआधी ठेवावीत, अन्यथा प्रास्ताविक आणि स्वागतातच तास जातो आणि ज्यांच्यासाठी सभा भरवली त्यांच्या हाती ‘दोन मिनिटांत आटोपा’ची चिठ्ठी येते. मनोगतांचे ध्वनिमुद्रण करून एक प्रत कुटुंबाला आणि एक गावच्या वाचनालयाला द्यावी.