सावळ्या मॉडेलच्या हनुवटीखालची हिरवट झाक कशी गेली

पैठणीच्या शूटमध्ये गाल ठीक, पण हनुवटीखाली, मानेवर हिरवट सावली. व्हाइट बॅलन्समध्ये (फोटोतली रंगछटा जुळवायची सेटिंग) मजेंटा, म्हणजे हिरव्याच्या उलटा गुलाबी-जांभळा, वाढवला, तर गाल गुलाबी. मेकअप दोनदा बदलला (बिचाऱ्या मेकअपचा दोष नव्हता). रात्रभर डोकं धरून बसलो.

कारण छताच्या ट्यूबलाइट. उजळ भागावर फ्लॅशचा प्रकाश, सावलीत ट्यूबचा हिरवट प्रकाश. एकच व्हाइट बॅलन्स दोघांना पुरत नाही.

आधी ट्यूब बंद. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/१६० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ वर फ्लॅशशिवाय फोटो काढला, पूर्ण काळा आला, म्हणजे आता फोटोत फक्त फ्लॅशचाच प्रकाश येणार. मग चेहऱ्याजवळ ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) धरून, फ्लॅश मारून कस्टम व्हाइट बॅलन्स. सावली उजळायला हनुवटीखाली पांढरा थर्माकोल. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) फक्त ऑरेंज ल्युमिनन्स, म्हणजे त्वचेतल्या नारिंगी छटेचा उजळपणा, +८. जास्त केलं की सावळा रंग राखाडी पडतो.